समुद्रातील तेलविहिरी आणि जीवितरक्षण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील काही तरुण आज मुंबई हायच्या तेल-फलाटांवर नोकरीस आहेत. त्यांच्या वेतनाची चर्चा घरोघर होते. परंतु त्यांचे प्राण कोणत्या साधनांच्या आधारे राखले जातात, हे त्यांच्या मातापित्यांसही क्वचितच ठाऊक असते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

१९०१ च्या जानेवारीत टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे भूगर्भातील तेल शंभर फुटांहून उंच उसळले व नऊ दिवस आवरले नाही. लोकांनी त्यास वैभवाची खूण मानले! पुढे १९२२ साली जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी व हॅरी कॅमरॉन यांनी 'ब्लोआउट प्रिव्हेंटर' सिद्ध केला. कल्पना साधी आहे. विहिरीच्या तोंडाशी समोरासमोर दोन पोलादी दट्टे बसवावयाचे; खालून दाब उसळला की ते पुढे सरकवून नळीभोवती घट्ट मिटवावयाचे. कालांतराने नळीच कापून विहीर बंद करणारी पातीही आली. तथापि २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'वर नळी वाकून एका बाजूस सरली, पात्यांना ती पुरती कापता आली नाही, आणि स्फोटात ११ जण दगावले.

यंत्र असून भागत नाही, याचे याहून दारुण उदाहरण उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा'चे. ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती. तो पंप चालवू नये, ही गोष्ट रात्रपाळीस कळलीच नाही. आम्ही शिक्षक वर्ग दुसऱ्याच्या स्वाधीन करताना धडा कोठवर आला हे सांगून जात असू. तेवढेही येथे घडले नाही. दुसरा पंप बंद पडताच हा सुरू केला गेला आणि वायू पेटला. आग विझविणारे पंप, पाणबुडे पाण्यात उतरत म्हणून, आपोआप सुरू होऊ नयेत असे ठेवलेले होते. शेजारच्या फलाटांवरून नळांतून तेल-वायू येतच राहिला. १६७ माणसे गेली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. मालकाने आपली सुरक्षितता स्वतः लेखी सिद्ध करावी, आणि आग व धूर यांपासून काही काळ तरी माणसे सुरक्षित राहतील असे आश्रयस्थान फलाटावर असावे, या मला त्यांत सर्वांत मोलाच्या वाटतात.

आपल्याकडे २७ जुलै २००५ रोजी एका जखमी खलाशाला उपचारासाठी आणणारे जहाज मुंबई हाय उत्तर फलाटाच्या वायुनळावर आदळले. फलाट जळून गेला. २२ जणांचा अंत झाला.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात बेतुल येथे ओएनजीसीच्या सागरी जीवरक्षण प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन झाले. हेलिकॉप्टर पाण्यात उलटल्यास आसनाचा पट्टा सोडून खिडकीतून बाहेर कसे यावे, याचा सराव असल्या शिक्षणात प्रत्यक्ष पाण्यात करवून घेतात. आपला मुलगा सुटीवर घरी येईल तेव्हा हा सराव त्याने कधी केला, हे त्यास अवश्य विचारावे.