न जळणारा दाह



‘मूत्रपिंडदाह’ हा शब्द मराठीत रूढ झाला खरा; पण त्याने रुग्णाची थोडी दिशाभूलच केली आहे. दाह म्हटला की आग आली. लघवीच्या वेळची आग मात्र बहुधा मूत्राशयाच्या वा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची असते. मूत्रपिंडाच्या गाळणीचा दाह बहुतेक मुकाच. लघवीवर टिकून राहणारा फेस, तिचा तांबूस-तपकिरी रंग, सकाळी सुजलेल्या पापण्या, एवढीच त्याची भाषा. आणि आग नाही म्हणून ती दुर्लक्षिली जाते.

१८२७ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी ती नेमकी वाचली. अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांची लघवी तापवली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळे, आणि मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे विकृत आढळत. साधन काय, तर चमचा आणि मेणबत्ती! नेपल्सच्या कोतुन्यो यांनी हे साकळणे १७६४ मध्येच नोंदले होते. मूत्रपिंडाशी त्याचे नाते जोडले ते ब्राइट यांनी.

साकळणारा पदार्थ म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांची भिंत शाबूत असेतो अल्ब्युमिन रक्तातच राहते. ती दुखावण्याची कारणे अनेक. मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी सुजतो, किंवा खरजेच्या फोडांत ते शिरतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी, त्वचेच्या संसर्गानंतर त्याहूनही उशिरा, लघवी लाल होते. येथे जंतू मूत्रपिंडात गेलेले नसतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने उभे केलेले प्रतिपिंडच गाळणीत अडकून तिला इजा करतात. घरातील खरूज क्षुल्लक मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. ल्युपसमध्येही शरीराचे संरक्षणच असे उलटते. १९६८ मध्ये पॅरिसच्या बर्जे यांनी वर्णिलेल्या विकारात ‘आयजीए’ हे प्रतिपिंड गाळणीत साचते.

मधुमेह व उच्च रक्तदाब गाळणी दाहाविनाच झिजवतात. वेदनाशामक गोळ्याही निर्दोष नाहीत. उलट ताप किंवा फार श्रम झाल्यावर प्रथिन तात्पुरते दिसते. म्हणून एकाच तपासणीने घाबरू नये, ती पुन्हा करावी.

मधुमेहात प्रारंभीची गळती इतकी अल्प असते, की ब्राइट यांच्या चमच्यात ती दिसलीच नसती. तिच्यासाठी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण वर्षातून एकदा मोजतात.