वाणी

"वाण्याकडे जाऊन गूळ घेऊन ये," असें आपण सहज म्हणतों. ज्या शब्दानें आपण त्या दुकानदारास ओळखतों, त्याचें कुळ फार प्राचीन आहे. संस्कृत 'वणिज्' ऋग्वेदांतही आढळतो. त्याच घराण्यांतील 'वाणिज' या रूपाचा 'ज' प्राकृतांत गळाला, 'वाणिअ' झालें, आणि मराठीनें त्याचा 'वाणी' केला. वाचा या अर्थाची 'वाणी' निराळी. उच्चार तेवढा जुळला.

या शब्दाचें जुनें रूप पाहण्यास काशीस जावयास नको. बोरिवलीजवळ कान्हेरीच्या डोंगरांत मोठें चैत्यगृह आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या कारकीर्दींत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, तें करविणारे गजसेन व गजमित्र हे बंधु तेथील लेखांत 'वाणिजक' म्हणविले आहेत. लेख खंडित आहे. पण हा शब्द शाबूत आहे! आसपासच्या लेण्यांत कल्याणच्या 'नेगमां'चीं, म्हणजे व्यापाऱ्यांचीं, दानें कोरलेलीं आहेत. तो 'नेगम' मराठींत टिकला नाहीं. कार्ल्याच्या लेखांत वैजयंतीचा भूतपाल स्वतःस 'सेठि' म्हणवितो. त्या 'सेठि'चा 'शेट' झाला, आणि नाना शंकरशेटांच्या नांवांत मानानें बसला.

वाण्याच्या वांट्यास तो मान आला नाहीं. त्यानें प्रवास मात्र पुष्कळ केला. घाटकोपर-मुलुंडास आजही ऐकूं येणारा गुजराती 'वाणियो' पोर्तुगीजांनीं उचलला व त्यांजकडून तो इंग्रजांस मिळाला. इराणांत बंदर अब्बासजवळ एका वडाखालीं या व्यापाऱ्यांनीं देवस्थान केलें होतें. त्यावरून इंग्रजींत वडाचेंच नांव 'बॅनियन' पडलें. आणि आपण सदऱ्याखालीं घालतों तें बनियन? तेंही मूळचें वाण्याच्या अंगरख्याचेंच नांव. हें कळल्यापासून मला सकाळीं कपडे करतांना थोडें हसूं येतें.

घरीं मात्र आपण 'चिक्कू वाणी' म्हणून मोकळे होतों. ज्यांनीं भिक्षूंसाठीं डोंगर कोरविला, त्यांच्याच नांवास ही जोड मिळावी, हा मला भाषेचा अन्याय वाटतो. उधारीवर महिना काढून देणारा वाणी कोणत्या गृहिणीस ठाऊक नव्हता?

आतां तर शिवीही मागें पडत चालली आहे. 'वाणसौदा' आजीबरोबर गेला, 'किराणा' राहिला. परवां मीं नातवास विचारलें, "वाणी म्हणजे कोण रे?" तो म्हणाला, "आमच्या वर्गांत एकाचें आडनांव आहे."