उच्च दाबाचे वेटोळे, शेताचे कुंपण आणि आपली सुरक्षितता
(इंद्रवेल्ली येथे शिक्षक, ग्रामस्थ, कर्मचारी व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



विज्ञान प्रदर्शनासाठी उपकरणे तयार करण्याचा उत्साह आपल्या मुलांमध्ये आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांपैकी काहींना ठिणग्या उडविणाऱ्या वेटोळ्याचे, म्हणजे ज्यास टेस्ला कॉइल म्हणतात त्याचे, विशेष आकर्षण वाटते. या छंदात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु प्राणास मुकण्यासारखेही आहे. दुसरीकडे, रानडुकरांपासून कापूस, ज्वारी व सोयाबीन राखण्यासाठी शेताच्या तारेत वीज सोडण्याचे प्रकार आपल्या जिल्ह्यात व शेजारच्या भागांत घडतात. हे दोन विषय वरवर वेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

१८३१ साली मायकेल फॅरेडे याने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकत्व बदलले म्हणजे वेटोळ्यात वीज निर्माण होते. यावरूनच प्रवर्तन वेटोळे तयार झाले. जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून प्रवाह सोडून तो एकाएकी तोडला की, बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत मोठा विद्युतदाब उत्पन्न होतो. मोटारसायकलच्या प्लगला ठिणगी देणारी कॉइल याच तत्त्वावर चालते; बारा व्होल्टच्या बॅटरीपासून ती हजारो व्होल्टचा दाब तयार करते. १८९१ साली निकोला टेस्ला याने दोन वेटोळ्यांची कंपने एकमेकांशी जुळवून दाब आणखी वाढविण्याची युक्ती काढली. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये अशाच ठिणगीपासून निघालेल्या अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. त्यांची उपकरणे बहुतांशी येथेच घडविलेली होती. तेव्हा ही विद्या परकी नाही, आणि ती मुलांपासून लपविण्याचेही कारण नाही.

आता गैरसमजाकडे वळू. कोणी म्हणतो, "व्होल्ट जास्त तर धोका जास्त". कोणी म्हणतो, "टेस्ला कॉइलची वीज अंगावरून जाते, तिने काही होत नाही". दोन्ही विधाने अपुरी आहेत. अपाय होतो तो शरीरातून किती प्रवाह, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने गेला यावरून. एक सहस्रांश अँपिअर प्रवाहाची केवळ जाणीव होते. सुमारे दहा सहस्रांशाला स्नायू आखडतात व हातातील तार सुटत नाही. पन्नास ते शंभर सहस्रांश प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर घरातील २३० व्होल्टच्या दाबाने २३० सहस्रांश अँपिअर प्रवाह जाईल. म्हणजे आपल्या घरातील साधा प्लगच प्राणघातक ठरण्यास पुरेसा आहे.

टेस्ला कॉइलच्या टोकाची ठिणगी अतिशय वेगाने कंप पावते. म्हणून मज्जातंतूंना तिचा झटका जाणवत नाही; परंतु ती त्वचेच्या आतपर्यंत भाजू शकते. खरा धोका कॉइलच्या खालच्या भागात, तिला वीज पुरविणाऱ्या रोहित्रात असतो. मायक्रोवेव्ह भट्टीतून काढलेले रोहित्र सुमारे दोन हजार व्होल्टला कित्येकशे सहस्रांश अँपिअर प्रवाह देते. त्याचा स्पर्श बहुधा पहिला व शेवटचाच ठरतो. त्यातील धारित्र प्लग काढल्यावरही भारित राहते. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचनळीबद्दलही हेच म्हणावे लागेल. यास्तव भंगारातून आणलेली अशी उपकरणे विद्यार्थ्यांनी उघडू नयेत.

शिक्षकांना माझी सूचना अशी की, बंदी घालण्यापेक्षा सुरक्षित वाट दाखवावी. नऊ व्होल्टची बॅटरी व एक ट्रान्झिस्टर यांवर चालणारे लहान वेटोळे जवळ धरलेली छोटी नळी तारेवाचून उजळून दाखविते; तत्त्व समजण्यास ते पुरेसे आहे. तेही शिक्षकांसमक्षच चालवावे, टोकाला बोट लावू नये आणि हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने जवळ थांबू नये. घरगुती विजेवरचे उच्च दाबाचे कोणतेही यंत्र शाळेत चालवू नये. शाळेच्या वीजजोडणीस चांगले अर्थिंग असावे व तीस सहस्रांश अँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारे आर.सी.सी.बी. बसवावे. मात्र हे साधन रोहित्राच्या पलीकडील उच्च दाबाच्या बाजूस संरक्षण देत नाही, हे विसरू नये.

हाच न्याय कुंपणाला लागू आहे. बॅटरीवर किंवा सौरशक्तीवर चालणाऱ्या प्रमाणित झटका मशीनचा दाब हजारो व्होल्ट असतो. तरीही जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. कारण त्याचा प्रत्येक झटका सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता व मर्यादित शक्तीचा असतो आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते. तेवढ्यात स्नायू सैल होऊन तार सुटते. खांबावर आकडा टाकून तारेत सोडलेली वीज मात्र अखंड वाहते. ती धरून ठेवते व मारते. ती डुक्कर आणि वाघ यांत भेद करीत नाही, तसाच पहाटे शेतावर निघालेला शेजारी, गुराखी पोर वा स्वतः मालक यांतही करीत नाही. आकडा टाकणे हा २००३ च्या विद्युत अधिनियमान्वये अपराध आहे. माणूस दगावल्यास फौजदारी खटला वेगळाच. पीक गेल्यास पुढील हंगामात पुन्हा पेरता येते, माणूस परत येत नाही. तथापि शेतकऱ्याचे नुकसानही खरे आहे. म्हणून ग्रामपंचायतीने अनेकांना मिळून प्रमाणित झटका मशीन घेता येईल का, याचा विचार करावा, आणि पीकहानीची तक्रार वन विभागाकडे वेळेवर नोंदवावी.

शेवटी, अपघात घडल्यास काय करावे? चिकटलेल्या माणसास हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. हा उपाय केवळ घरगुती दाबापुरता आहे. अकरा हजार व्होल्टच्या तुटलेल्या तारेजवळ काठी घेऊनही जाऊ नये. सर्वांना दूर ठेवून लाइनमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. सुटका झाल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मातीत पुरणे, पाणी पाजणे यांत अमोल वेळ जातो.

मुलांचे कुतूहल मारून वीज सुरक्षित होत नाही. तिचे नियम समजावून दिल्यानेच ती सुरक्षित होते. हे काम शाळेने, ग्रामपंचायतीने आणि वीज कर्मचाऱ्यांनी मिळून हाती घ्यावे, अशी विनंती आहे.