जठराचा कर्करोग: शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

परळला टाटा रुग्णालयात आलेल्या नातेवाइकांना वाटतं, पोटात गाठ आहे तर ती आधी काढून का टाकत नाहीत? पण जठराच्या कर्करोगात न दिसणाऱ्या पेशी अंगात पसरलेल्या असू शकतात. म्हणून आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या केमोतलं एक औषध तर सलग २४ तास हळूहळू शिरेत जात राहतं.

आता या केमोला इम्युनोथेरपीची जोड मिळाली आहे. कर्करोगाच्या पेशी आपल्या संरक्षक पेशींना थोपवून धरतात. दुर्वालुमॅब हे औषध तो अडसर काढतं. २०२५मध्ये जाहीर झालेल्या ‘मॅटरहॉर्न’ चाचणीत ९४८ रुग्ण होते. दोन वर्षांनी आजार बळावला वा उलटला नाही आणि हयात आहेत, असे रुग्ण नुसत्या केमोच्या ५८.५ टक्क्यांवरून दुर्वालुमॅबच्या जोडीनं ६७.४ टक्क्यांवर गेले.

अडचण किमतीची आहे. उपचारांसाठी येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कुटुंबाला हा खर्च कसा पेलावा? टाटाच्याच डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब या अशाच इम्युनोथेरपीच्या औषधाची जेमतेम २० मिलिग्रॅमची मात्रा देऊन उत्तम परिणाम दाखवला. जठराच्या कर्करोगातही अशा कमी मात्रेच्या चाचण्या तातडीनं व्हायला हव्यात.