तुसातला वायू आणि भट्टीवरचा माणूस



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. विषय मात्र आपल्या चुलीजवळचाच आहे.

ओली लाकडे फुंकताना डोळ्यांत पाणी आणणारा धूर म्हणजे न जळता वाया जाणारे जळणच होय. हेच जळण कामी लावणारी भट्टी म्हणजे गॅसिफायर. बंद भट्टीत भाताचा तूस किंवा पऱ्हाटी घालावी आणि हवा बेताचीच सोडावी. मग जळण पुरते जळून जात नाही. तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना धूर व वाफ यांचा जळाऊ वायू होतो. त्यात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो, तो निरुपयोगी. जळतात ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन.

ही कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा युरोपात लाखो मोटारी लाकडाच्या वायूवर धावल्या. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातील तमकुहा गावी २००७ साली तुसाच्या वायूवर वीज करून दिवे लागले. शंभर किलो भात भरडले की वीसेक किलो तूस निघतो. तो उकिरड्यावर का जावा?

पण माझा प्रश्न पुढचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपले रक्त प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक ओढीने धरते. आमचा एक सभासद रात्रपाळीत भट्टीची जाळी मोकळी करीत होता. “डोके दुखते,” म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. सोबत्यांनी मोकळ्या हवेत ओढत नेला म्हणून वाचला. नोंदवहीत कारण लिहिले गेले, ‘अशक्तपणा’! दीड महिना भांडलो, तेव्हा कुठे वायू गळताच वाजणारी घंटा बसली. तिची किंमत कारखान्याच्या एका दिवसाच्या उत्पन्नाइतकीही नव्हती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. गावोगाव अशा भट्ट्या जरूर उभ्या राहोत. पण त्या मोकळ्या हवेत असाव्यात, घंटा पहिल्या दिवसापासून असावी, आणि भट्टीत एकट्याने कधी उतरू नये. वायू धुतलेले डांबरी पाणी नाल्यात सोडू नये. खर्चाच्या हिशेबात ही कलमे आधी मांडा, नफा मागून. टाकाऊ तुसाचे मोल वाढवताना राबणाऱ्या माणसाचे मोल कमी होऊ देऊ नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.