दात दुखण्यापूर्वी

(वारूळवाडी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर पंधरा मिनिटे बोला, असे अध्यक्षसाहेबांनी मला सांगितले. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक शिक्षक आहे. परंतु रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला गावाच्या आरोग्याची थोडी कल्पना येतेच. पालकांच्या चिठ्ठ्यांत ताप असतो, पोटदुखी असते, मामाचे लग्न असते. आणि वर्षभर, विशेषतः परीक्षेच्या सुमारास, दाढदुखी असते. गाल सुजलेला, रात्रभर जागा राहिलेला मुलगा पेपरला येऊन बसतो तेव्हा त्याच्या वर्षभराच्या फीचे, पुस्तकांचे आणि शिकवणीचे काय झाले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आज तो हिशेब मांडावा असे मी ठरविले आहे. विषय दातांचा आहे, पण बोलायचे आहे ते पैशाविषयी.

आपला भाग द्राक्षांचा आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली आणि आभाळ भरून आले की नारायणगाव, वारूळवाडीचा बागाईतदार काय करतो? पानावर दावण्याचा डाग दिसण्याची वाट पाहतो काय? मुळीच नाही. तो पंप घेऊन आधीच बागेत शिरतो. डाग दिसल्यावर धावणाऱ्याचे औषधही जाते आणि घडही जातो, हे त्याला कोणी शाळेत शिकविलेले नाही. तोच शहाणा माणूस स्वतःच्या मुलाच्या दाढेच्या बाबतीत मात्र ‘दुखेल तेव्हा बघू’ म्हणतो.

यात एक मोठा गैरसमज आहे. दुखत नाही म्हणजे दात चांगला आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः दाताचे वरचे कठीण कवच मुके असते, त्यात नस नाही. दातांवर जो चिकट थर साचतो त्यातील सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने कवचातील क्षार विरघळू लागतात. प्रारंभी केवळ एक पांढुरका ठिपका दिसतो. या अवस्थेत लाळेतील क्षार आणि टूथपेस्टमधील फ्लोराइड यांच्या साहाय्याने तो भाग पुन्हा घट्ट होऊ शकतो. खर्च जवळजवळ शून्य. पुढे भोक पडले की ते आपोआप बुजत नाही. हाड मोडले तर सांधते, दाताचे कवच पुन्हा उगवत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड पाणी झोंबते. नसेपर्यंत गेली की रात्रीची झोप उडते. आणि मग एक दिवस दुखणे अचानक थांबते! घरात सर्वांना बरे वाटते. लवंगतेलाने गुण आला, मेडिकलमधल्या गोळीने गुण आला, असे सांगितले जाते. खरे म्हणजे बहुतेक वेळा तेव्हा आतील नस मेलेली असते, आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी मुळाशी पू होऊन गाल सुजतो. म्हणजे ज्या काळात स्वस्तात काम झाले असते त्या काळात दात गप्प असतो. त्या गप्प काळात तोंडात डोकावण्यासाठीच नियमित तपासणी असते.

(जाता जाता सांगतो. ‘दाताला कीड लागली’ हा आपला बोलण्याचा प्रघात आहे, म्हणून आत खरोखर किडा नसतो. बाजारच्या दिवशी कापसावर वळवळणारी अळी काढून दाखविणारे लोक असतात. ती अळी दातातून आलेली नसते.)

आता फळ्यावरील आकडे पाहा. हे आकडे मी सोपे गणित व्हावे म्हणून धरले आहेत. दर प्रत्येक गावी आणि प्रत्येक दवाखान्यात निराळे असतात. समजा तपासणीला २०० रुपये, दात भरण्यास ८०० रुपये, नसेचा उपचार म्हणजे रूट कॅनॉल आणि वरची टोपी मिळून ६,००० रुपये. घरात पाच माणसे. प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासणी केली तर वर्षाला १,००० आणि दहा वर्षांत १०,००० रुपये झाले. त्या अवधीत पाच दात वेळीच भरले, त्याचे ४,०००. एकूण १४,०००. दुसऱ्या घराने दहा वर्षांत तपासणीवर एक पैसा खर्च केला नाही आणि त्याच पाच दातांची नस गेली, तर ३०,०००. शिवाय रूट कॅनॉलसाठी पुष्कळदा दोन-तीन फेऱ्या होतात; त्या दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे निराळे. तो हिशेब घरच्या माउलीने मांडावा, ती माझ्यापेक्षा पक्का मांडील.

मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मनात आता काय आले असेल ते मला ठाऊक आहे. ‘सर, दाढ काढून टाकायला चारशे रुपये लागतात. पाच दाढांचे दोन हजार. सगळ्यांत स्वस्त हेच!’ हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक घरांत आजवर हेच होत आले आहे. तेव्हा काढलेल्या दाढेचे पुढे काय होते ते पाहू. जागा मोकळी झाली की शेजारचे दात हळूहळू तिकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दाढ त्या खड्ड्याकडे वाढत येते. वाकड्या फटीत अन्न अडकते आणि तिथे नवी कीड सुरू होते. माणूस एकाच बाजूने चावू लागतो. पुढे कधी ऐपत झाली आणि तेथे पक्का दात बसवावा असे वाटले, तर सामान्यतः दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून तीन दातांचा पूल करावा लागतो. एका टोपीचे ३,००० धरले तरी एका दाढेचे ९,००० झाले. आणि पूल केलाच नाही, तर पैसे वाचले हे खरे. पण चाळिशीतच दादीप्रमाणे भाकरी दुधात कुस्करून खाण्याची पाळी येते. ते कोणत्या खात्यावर लिहायचे ते तुम्हीच ठरवा.

मुलांच्या बाबतीत तर एक दाढ अशी आहे की तिच्यासाठीच मी आज उभा आहे असे म्हटले तरी चालेल. दुधाचे दात वीस. मूल सहा वर्षांचे झाले की त्या सर्वांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळत नाही, आणि कळले तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ असे म्हटले जाते. ती पडत नाही. ती कायमची पहिली दाढ, जन्मभर चावण्याचा मोठा भार वाहणारी. तिच्यावर खोल खाचा असतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही. पहिलीत आलेली ही दाढ सातवी-आठवीत काढून टाकावी लागली, अशी मुले आपल्याच शाळांतून सापडतील. दंतवैद्य अशा खाचा एका पातळ लेपाने बुजवू शकतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही आणि भूलही द्यावी लागत नाही. खर्च दात भरण्यापेक्षा सहसा कमी येतो.

वर्षातून किती वेळा दाखवावे, याविषयी ‘दर सहा महिन्यांनी’ असे आपण ऐकत आलो आहोत. हा काही दगडावरचा लेख नव्हे. ब्रिटनमध्ये २००४ साली तज्ज्ञांनी जी मार्गदर्शक सूत्रे ठरविली, त्यांत अठरा वर्षांखालील मुलांसाठी जास्तीत जास्त अंतर १२ महिन्यांचे आणि मोठ्यांसाठी धोक्याप्रमाणे ३ ते २४ महिन्यांचे सांगितले आहे. ज्याचे दात स्वच्छ आहेत, तंबाखू नाही, मधुमेह नाही, त्याने उगाच वरचेवर जाऊन पैसे घालवू नयेत. ज्याला मधुमेह आहे, ज्याच्या हिरड्यांतून रक्त येते, ज्याच्या तोंडात तंबाखू असते, त्याने लवकर लवकर जावे. ‘पुन्हा केव्हा येऊ?’ हा प्रश्न दंतवैद्यांना स्पष्ट विचारावा.

पैसे वाचतात याला आधार काय, असे हुशार विद्यार्थी विचारतील. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात गरीब कुटुंबांतील लहान मुलांच्या दातांवर झालेल्या सरकारी खर्चाच्या नोंदी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना वयाच्या पहिल्या वर्षातच तपासणीसाठी नेले होते त्यांच्यावरील सरासरी खर्च २६२ डॉलर आला. ज्यांना चार ते पाच वर्षांच्या वयात प्रथम नेले त्यांच्यावर ५४६ डॉलर. अर्थात पहिल्या गटात मुले थोडी होती, आणि जे पालक एवढ्या लवकर नेतात ते मुळातच घरी अधिक काळजी घेणारे असणार. म्हणून सगळे श्रेय त्या भेटीला देता येणार नाही. परंतु हिशेबाचा कल कोणत्या बाजूला आहे ते यावरून दिसते.

आता एक कटू विषय. दंतवैद्य तोंडात पाहतात तेव्हा केवळ दात पाहत नाहीत. गालाची आतली बाजू, जीभ, टाळू हेही पाहतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आले होते. त्यांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे पांढरे चट्टे यांचा तंबाखूशी असलेला निकट संबंध दाखविणारे हे काम जगभर वाचले गेले. आपल्या जिल्ह्याच्या नावावर ही नोंद आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? पुढे केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडे पाहिली. त्याचे निष्कर्ष २००५ साली आले: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत, तपासणी झालेल्या गटात तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. औषध नाही, यंत्र नाही, केवळ वेळेवर पाहणे. कर्करोगाच्या उपचारात एकराच्या एकर जमीन जाते, हे मी या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही.

आमच्या भगिनींना नम्रतेने सांगतो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘फक्त दात घासायला’ म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार वेळा लागते. तिने दात मजबूत होत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या कुंपणाबाहेर पुड्या कशा पडलेल्या असतात हा प्रश्न पालकांनी स्वतःच्या खिशापासून विचारावा. मिसवाकचे मात्र तसे नाही. आपले वडीलधारे ती नेमाने वापरतात आणि योग्य तऱ्हेने वापरली तर ती दातांवरचा थर चांगला काढते. मुलांनी तिच्या जोडीला फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करावा, एवढीच पुस्ती मी जोडतो. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. रमजानमध्ये उपचार करून घेण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांनी शाबानमध्येच दाखवून घ्यावे. शीरखुर्म्याच्या दिवशी दाढ धरून बसण्याची वेळ येणार नाही.

जायचे कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि त्यात दातांचाही समावेश आहे. पथक आले की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी कपाटावर ठेवून विसरू नका. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात हे आधी विचारून मगच जावे, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. पुण्याला कामाने जाणे होतेच. तेथे आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालयासारख्या संस्था आहेत. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पैसे सहसा कमी लागतात.

दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी एक नाव सांगतो. डॉ. रफिउद्दीन अहमद, जन्म १८९० साली पूर्व बंगालमध्ये. अमेरिकेत दंतशास्त्र शिकून ते परत आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले दंत महाविद्यालय काढले. पदरी पैसा नव्हता, तर आइस्क्रीम व सोड्याचे दुकान चालवून त्यांनी त्या उत्पन्नावर शाळा उभी ठेवली. १९४८ चा दंतवैद्यक कायदा होण्यामागेही त्यांचे परिश्रम होते. शासनाने १९६४ साली त्यांना पद्मभूषण दिले. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या आपल्या मुलींनी डॉक्टर म्हटले की एकच पदवी डोळ्यांपुढे न आणता या शाखेचाही विचार करावा.

वेळ संपत आली आहे, म्हणून कामाचे बोलतो. मेळावा संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांची मुले पहिली ते तिसरीत आहेत त्यांनी मुलाचे नाव व इयत्ता लिहून जावे. आज रात्री घरी गेल्यावर मुलाला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा, सर्वांत मागची दाढ आली आहे का, तिच्यावर काळा वा पांढरा ठिपका आहे का ते पाहा, आणि सोमवारी मुलाबरोबर तेवढे एक वाक्य लिहून पाठवा. पथक येईल तेव्हा ज्यांना ठिपका दिसला त्या मुलांना आपण पहिल्या रांगेत उभे करू.