प्रिन्स्टनची लस आणि कुंपणापलीकडचा जिवाणू

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन विद्यापीठाचे विद्यार्थी वसंताच्या सुट्टीवरून परतत होते. त्यांतल्या एकाला मेनिंजायटिस झाला, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली. मग दुसरा रुग्ण, तिसरा रुग्ण. मधे उन्हाळ्याची मोठी सुट्टी गेली, तरी साखळी तुटली नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत रुग्ण आठ झाले होते.

आठ हा आकडा ऐकून कुणी खांदे उडवील. पण या रोगाला वेळ फार थोडा लागतो. सकाळी साधा ताप, डोकेदुखी आणि रात्री रुग्ण अतिदक्षता विभागात, असे घडते. उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा दगावतात; वाचलेल्यांपैकी काहींची श्रवणशक्ती जाते, काहींचे हातपाय कापावे लागतात. त्याच नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठातही हा रोग निघाला आणि तिथल्या एका खेळाडू विद्यार्थ्याने दोन्ही पावले गमावली.

हा रोग घडवणारा जिवाणू साधारण दहा टक्के निरोगी माणसांच्या नाकाघशात मुकाट्याने राहतो आणि लाळेतून, निकटच्या सहवासातून पसरतो. वसतिगृहाचे सारे जीवनच अशा सहवासाचे असते. म्हणून प्रिन्स्टनने ‘हा माझा, तुझा नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापलेले पेले विद्यार्थ्यांत वाटले. मला ते आवडले. घाबरवणे नाही, दटावणे नाही. तरुणांना कळेल अशा भाषेत नेमकी धोक्याची जागा दाखवली.

पण पेल्यांनी साथ थांबणार नव्हती. तुमच्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत शिकायला गेली, त्यांना प्रवेशाच्या कागदांतला मेनिंजायटिसच्या लसीचा दाखला आठवत असेल. ती लस ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवर चालते. प्रिन्स्टनचा जिवाणू होता बी गटाचा. या गटाच्या जिवाणूवरचे शर्करेचे कवच आपल्या स्वतःच्या मज्जापेशींवरच्या रेणूशी इतके जुळते की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका मानत नाही. त्यामुळे कवचापासूनच लस बनवण्याची इतर गटांची रीत इथे लागू पडेना. इटलीतल्या सिएना शहरात रिनो रापुओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली: आधी जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचायचा आणि त्यातून लसीला उपयोगी प्रथिने हुडकायची. त्यातून ‘बेक्सेरो’ तयार झाली. जानेवारी २०१३ मध्ये युरोपने तिला परवानगी दिली होती. अमेरिकेत मात्र ती परवाना नसलेली लस होती.

आता विद्यापीठाने काय करावे? परवान्याची वाट पाहत बसणे कायद्याने निर्धोक होते. तसे झाले नाही. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढाकार घेतला, अन्न व औषध प्रशासनाने खास बाब म्हणून लस आणू दिली, खर्च विद्यापीठाने उचलला. डिसेंबरात पहिली मात्रा, फेब्रुवारी २०१४ मध्ये दुसरी. सक्ती नव्हती. ही लस इथे अजून परवानाप्राप्त नाही, असे स्पष्ट सांगून प्रत्येकाची लेखी संमती घेतली. तरीही पाच हजारांहून अधिक जणांनी, म्हणजे पात्र लोकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी, ती टोचून घेतली. जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही, दोन्ही उघड मांडले की लोक पळ काढतात, ही आपल्याकडच्या अनेक प्रशासकांची भीती मला या अनुभवापुढे अगदी पोकळ वाटते.

आणि तरीही मार्च २०१४ मध्ये एक मृत्यू झाला. तो प्रिन्स्टनमध्ये नव्हे, फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात. आजारी पडण्याच्या साधारण आठवडाभर आधी ती विद्यार्थिनी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सहवासात आली होती आणि तिच्यातला जिवाणू तोच निघाला. लस घेतलेल्यांपैकी कुणालाही हा रोग झाला नव्हता; पण त्यांच्यापैकी काहींच्या घशात जिवाणू अजून असू शकत होता. लस घेणाऱ्याला वाचवते, म्हणून ती शेजाऱ्यालाही वाचवते असे नाही. पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे पस्तीस हजार किशोरवयीनांवर अभ्यास झाला, तेव्हा घशातल्या वास्तव्यावर या लसीचा फरक पडत नाही, हेच दिसले.

प्रिन्स्टनला मी दोष देत नाही. पण विद्यापीठाची जबाबदारी हजेरीपटावर संपते, ही समजूत त्या मृत्यूने खोटी ठरवली आहे. आपले विद्यार्थी स्पर्धांना, स्नेहसंमेलनांना, मित्रांच्या खोल्यांवर शेकडो मैल जातात. रुग्ण सापडताच त्याचे नाव गुप्त ठेवून विद्यार्थी जिथे जातात त्या संस्थांनाही तातडीने कळवले पाहिजे, आणि तिथल्या डॉक्टरांना ताप आलेल्या तरुणाला कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक असले पाहिजे.

जानेवारी २०१५ मध्ये बेक्सेरोला अमेरिकेत परवाना मिळाला. तुमच्या मुलाच्या दाखल्यावर मात्र एसीडब्ल्यूवाय एवढीच अक्षरे असतील, तर बी गटाचे संरक्षण त्यात धरलेले नाही. ते कुठे आणि कधी घेता येईल, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला विचारा.